शेजारणीचा कुत्रा

२ एप्रिल

साडूभाऊंना थोरल्या साडूचा नमस्कार.

पत्र बघून दचकू नका. फोन आहे, चालूही आहे, पण तो आपला नाही. रोज संध्याकाळी थोरली आणि धाकटी, म्हणजे माझी बायको आणि तुमची, त्यावर बसतात आणि उठतात तेव्हा फोनला हात लावला तर चटका बसतो. एरवी मी केला, तर धाकटी तो स्पीकरवर टाकते, कारण तिच्या हातात नात असते. मग माझा शब्द न् शब्द तुमची लेक, जावई आणि जावयाचे आईवडील गोल करून ऐकतात. मला खोकायचीसुद्धा चोरी. पत्राला स्पीकर नसतो, म्हणून पत्र.

ढापण्या मजेत आहे. नातीच्या ओढीनं तुम्ही तिकडे गेलात आणि डोळ्यांभोवती काळी वर्तुळं घेऊन जन्मलेलं हे पाच महिन्यांचं पिल्लू माझ्या गळ्यात बांधून गेलात, तेव्हा मी म्हटलं होतं, सोफे शिवणाऱ्याच्या घरात कुत्रा म्हणजे लाकडाच्या वखारीत ठिणगी. तसं काही झालं नाही. एक उशी, एका खुर्चीचा मागचा पाय आणि माझी मोजपट्टी, एवढ्यावर त्यानं समाधान मानलं. तुम्ही परत याल तेव्हा जसा दिलात तसा मिळेल, थोडा जाड.

विचारायचं होतं ते वेगळंच. आमच्या शेजारी त्या शिक्षिकाबाई राहतात ना, त्यांच्या कुत्र्याला काल गोचीड सापडला. कानामागं, मसुराएवढा. आधी वाटलं चामखीळ आहे. मग चामखिळीनं पाय हलवले. बाई घाबरल्या, म्हणून मीच खिळे उपटायचा बारीक चिमटा घेतला आणि एका झटक्यात काढला. ढापण्या जराही ओरडला नाही. म्हणजे शेजारणीचा कुत्रा ओरडला नाही, ढापण्या बाजूला उभा राहून बघत होता, तोही ओरडला नाही.

तर बाईंचा प्रश्न असा, की गोचीड गेला, पण जाताना काही ठेवून गेला असेल का? कुणी म्हणतं ताप येतो, कुणी म्हणतं रक्तच पातळ होतं, कोपऱ्यावरचा औषधवाला तर असा चेहरा करतो की बाईंनी आधी स्वतःलाच गोळी घ्यावी. मी त्यांना धीर दिला. मी धीर चांगला देतो. पण धीराला थोडा पुस्तकाचा टेकू असावा. तुम्ही कुत्रा आणण्याआधी कुत्र्यांवरची पुस्तकं आणली होतीत, धाकटी त्यावर अजून बोलते. तेव्हा जरा सविस्तर लिहा. घाई नाही. पण उद्या टाकलंत तर बरं.

तुमचा,
थोरला साडू


६ एप्रिल

थोरल्या साडूंना सविनय, पण फार सविनय नाही.

तुमचं पत्र जावयाच्या वडिलांनी माझ्याआधी उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि हळूच विचारलं, कोर्टाचं आहे का. या घरात हातानं लिहिलेला पत्ता म्हणजे भानगड. मी म्हटलं, साडूचं आहे. ते म्हणाले, मग तेच.

इथं मला काम नाही. नातीला मांडीवर घ्यायला रांग आहे आणि माझा नंबर येतो तेव्हा ती झोपलेली असते. आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत ‘हे स्पष्ट दिसतं, की हे?’ असं विचारणारा माणूस आता खिडकीत बसून समोरच्या इमारतीची पाटी वाचतो. चांगली दिसते. म्हणून सांगतो, तुमच्या शेजारणीचा कुत्रा मला देवासारखा धावून आला.

तिला सांगा, घाबरण्यासारखं काही नाही. सगळेच गोचीड आजार घेऊन फिरत नाहीत, जसे सगळेच साडू उपदेश घेऊन फिरत नाहीत. पण पाहायचं ते नीट पाहावं. गोचिडाचं तोंड कातडीत राहिलं का? जागा सुजली का? पुढचे काही आठवडे ताप, मलूलपणा, जेवणावरची वासना उडणं, फिकट हिरड्या, यांवर लक्ष ठेवायचं. त्यातलं काहीही दिसलं तर डॉक्टर, वाद नाही. आणि अंगभर शोधायचं. एक सापडला म्हणजे एकच होता, असं फक्त आशावादी लोक आणि घरमालक म्हणतात. बोटांच्या बेचक्या, काखा, शेपटीखाली, गळपट्ट्याखाली. पुन्हा सापडला तर झटका नको. चिमटा कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढायचा. रॉकेल, तेल, काडेपेटी, असले घरगुती शोध तिनं लावू नयेत. तुम्हीही लावू नका.

कुत्रा किती महिन्यांचा आहे, हे तुम्ही लिहिलं नाहीत. पाचच्या आसपास असेल असं धरून मी लिहिलंय.

ढापण्याला माझ्यातर्फे कानामागं खाजवा. दोन्ही कानांमागं. नीट बघून.

तुमचा,
चष्मेवाला


११ एप्रिल

साडूभाऊ,

तुमचं पत्र मी बाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली. आशावादी आणि घरमालक यांवर हसल्या नाहीत, पण त्या शिक्षिका आहेत.

गोचिडाचं तोंड निघालंय. हे मी छातीठोक सांगतो, कारण तो गोचीड मी पारदर्शक चिकटपट्टीत दाबून ठेवलाय आणि तुम्ही वाढदिवसाला दिलेल्या भिंगातून पाहिलाय. तुमची भेटवस्तू पहिल्यांदा उपयोगी पडली. भिंगातून तो माझ्या एका गिऱ्हाइकासारखा दिसतो, मान नाही आणि पोटच पोट.

आता पुढचं ऐका. दुसरा गोचीड चढेल याची वाट बघत बसणं हे डॉक्टरांचं काम. कारागीर आधीच बंदोबस्त करतो. सोफ्यावर डाग पडू नये म्हणून आपण काय करतो? खोळ शिवतो. मग कुत्र्याला का नाही? शेजारणीच्या कुत्र्यासाठी मी खोळ शिवायला घेतली आहे. जाड कॅनव्हास, आतून मऊ सुती अस्तर, पाठीवर हुकांची रांग. पाय चार आहेत म्हणून मी घाबरलो नाही, माझ्या धंद्यात सगळ्यांनाच चार असतात. आणि खरी करामत गळ्याशी. गोचीड गवतातून पायावर, पायावरून मानेवर आणि मानेवरून कानाकडे जातो, हे तुमच्या यादीवरूनच मी ताडलं. तो रस्ताच बंद केला. गळ्याभोवती गच्च भरलेला लोड, वर दुहेरी शिवण. तिथून गोचीड काय, अफवासुद्धा वर जाणार नाही.

मापं ढापण्याच्या अंगावरून घेतली, कारण दोघांची चण सारखीच आहे. काय उभा राहिला म्हणून सांगू! पाय ताठ, मान वर, एखाद्या राजेशाही खुर्चीसारखा. थोरली समोर बिस्किट धरून उभी होती, तिला श्रेयाचा थोडा वाटा देतो. थोरली म्हणते, हे ध्यान कुत्र्याला घालू नका, त्याला टोचेल. मी तिला म्हटलं, माझ्या हातचं काही कुणाला टोचल्याचं ऐकलंस का? ती म्हणाली, बोलणं. माहेरचं वळण, दुसरं काय. तुमच्याकडेही तेच असणार.

थोरला


१५ एप्रिल

थोरल्या साडूंना,

माझ्याकडेही तेच आहे. पण माझ्याकडच्या वळणाचा आवाज बारीक आहे, तेवढाच फरक.

खोळीचं वाचून मी बराच वेळ खिडकीत उभा राहिलो. तुमच्या हाताबद्दल शंका नाही. तुम्ही झाकलेल्या खुर्च्यांवर लोक जन्म काढतात आणि मग त्यांची मुलं त्याच खुर्च्यांवरून भांडतात. फक्त एक नम्र सूचना, कुत्रा ही वस्तू हलते. शेजारणीनं हे गृहीत धरलं असेलच.

हिरड्या पाहिल्या का? रोज पाहायच्या. ओठ वर करायचा, बोटानं हिरडी दाबायची, ती पांढरी होते आणि सोडली की लगेच गुलाबी झाली पाहिजे. वरच्या डाव्या सुळ्याजवळ एक काळा ठिपका दिसेल, त्याला घाबरू नका, तो पहिल्यापासून आहे. म्हणजे, अशा पिल्लांना तो असतो. पुष्कळांना.

आणि जेवतो का ते कळवा. नुसतं ‘मजेत आहे’ नको. मजेत तर मीही आहे.

तुमचा,
चष्मेवाला

ता. क. गळपट्ट्याखाली बघताना त्याला आधी जिभेनं ‘टक्’ असा आवाज काढून दाखवायचा, मग तो मान वर करतो. कुठलाही कुत्रा करतो.


२० एप्रिल

साडूभाऊ,

हे पत्र कुरियरनं पाठवतोय, उद्या सकाळी मिळेल.

खोळ परवा संध्याकाळी पूर्ण झाली आणि चढवली. बसली अशी, की कातडी आणि कापड यांत फरक कळू नये. पण काल सकाळपासून शेजारणीच्या कुत्र्यानं अन्नाला तोंड लावलेलं नाही. भांड्यापाशी जातो, उभा राहतो, भांड्याकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो आणि निघून जातो. पळत नाही. उडी मारत नाही. कोपऱ्यात नुसता उभा असतो, बसतानासुद्धा विचार करतो. पाणी पितो, पण आपल्या भांड्यातलं नाही, न्हाणीघरातल्या उंच बादलीतलं. आजारी माणसाला नाही का भलतेच डोहाळे लागतात. थोरली म्हणाली, हातानं भरवून बघू. मी म्हटलं, नाही, एकदा सवय लागली की जन्मभराचा मालक होऊन बसेल.

हिरड्या गुलाबी आहेत असं मला वाटतं. पण दुपारच्या उजेडात वेगळ्या वाटल्या. मी दिवसभर रंगांत वावरणारा माणूस, गुलाबीच्या बारा छटा कापडात ओळखतो. हिरडीत एकही ओळखता येईना.

तुमच्या पुस्तकात मलूलपणा म्हणजे नेमकं काय लिहिलंय? उभं राहणं त्यात येतं का?

बाईंना फार काळजी लागली आहे. काल त्यांनी एका खुर्चीला पाठ उलटी लावली. म्हणजे मी लावली. बाईंच्या काळजीमुळे माझं लक्ष लागत नाही.

थोरला


२१ एप्रिल

थोरल्या साडूंना,

पत्र सकाळी मिळालं आणि मी लगेच फोन केला. स्पीकर चालू होता आणि इकडे पाच माणसं बसली होती, म्हणून आपण उकाड्यावर बोललो. मी तीनदा म्हटलं, शेजारणीला माझा नमस्कार सांगा आणि आजच्या आज सांगा. तिसऱ्या वेळी जावयाच्या आईनं धाकटीकडे असं पाहिलं, की माझ्या इतक्या वर्षांच्या अब्रूचं काय झालं ते मला कळलं.

तुम्हाला कळलं की नाही, ते कळलं नाही. म्हणून कुरियरनं लेखी देतो. कुत्र्याला डॉक्टरकडे न्या. शेजारीण येवो न येवो. शेजारीण असो नसो.

चष्मेवाला


२३ एप्रिल

साडूभाऊ,

तुमचं लेखी काल आलं. मी परवाच गेलो होतो, तुमचा फोन ठेवला आणि चपला घातल्या. नमस्काराचा अर्थ मला लागला नव्हता, पण उकाड्यावर तुम्ही इतका वेळ बोलाल असं वाटेना.

आता सरळ लिहितो. शेजारणीकडे कुत्रा नाही. गोचीड ढापण्याला होता. पहिल्या दिवसापासून सगळं ढापण्याचंच लिहीत होतो. तुम्ही निघताना दारात म्हणाला होतात, ‘तुमच्या हातून टाका निसटत नाही, म्हणून तुमच्याकडे ठेवतोय.’ मी त्यावर जरा जास्तच मान डोलावली होती. त्या डोलावलेल्या मानेला जपताना हे झालं. शेजारीण मध्ये घातली म्हणजे दोन्हीकडून टेकू मिळेल असं वाटलं.

डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर आमच्याआधी एक मांजर आणि एक कासव होतं. ढापण्या माझ्या मांडीवर, खोळीसकट, हलेना की डुलेना. थोरली शेजारी बसली होती. मी चिकटपट्टीतला गोचीड खिशात बरोबर नेला होता आणि सारखा चाचपत होतो, हरवला तर आजार ओळखू यायचा नाही म्हणून. साडूभाऊ, त्या बाकावर मला एकही विनोद सुचला नाही. मी त्याच्या कानात सांगत होतो, की तू फक्त हे एवढं निभावून ने, मग सगळ्या खुर्च्यांचे पाय तुझे.

डॉक्टर म्हणजे एक तरुण पोरगी. तिनं आधी ढापण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा ढापण्याकडे. म्हणाली, “हे कुणी शिवलं?”

मी म्हटलं, मी. कौतुक होईल अशी अपेक्षा नव्हती असं म्हणणार नाही.

तिनं टेबलावर बिस्किट ठेवलं. ढापण्या पुढं झाला, त्यानं मान खाली घालायचा प्रयत्न केला आणि तो लोड हनुवटीला टेकला. नाक बिस्किटापासून वीतभर वरच राहिलं. तो तसाच उभा राहिला आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. अगदी घरी भांड्यापाशी पाहत होता तसंच.

ती म्हणाली, “मापं घेताना याची मान वर होती का?”

थोरलीनं बिस्किट धरलेला तो हात अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. मी आयुष्यभर ज्यांची मापं घेतली, त्यांतलं काहीही कधी जेवायला वाकलं नाही. खुर्ची वाकत नाही, सोफा वाकत नाही, वाकला तर तो माझ्याकडे येतो. कुत्रा भांड्यातलं खायला मान खाली घालतो, हे मी रोज बघत होतो आणि कापड कापताना ते माझ्या हिशोबातच नव्हतं.

तिनं हुक काढले. माझे हुक निघायला वेळ लागतो, ते चांगले असतात. खोळ उतरली आणि ढापण्यानं बिस्किट खाल्लं, तिच्या हातातलं खाल्लं, डब्यातलं खाल्लं आणि मग माझ्या खिशाला नाक लावलं. गोचीड मी वेळेवर बाजूला घेतला. बादलीचं तिला सांगितलं तेव्हा ती हसली नाही, खाली बघून काहीतरी लिहीत राहिली, पण लिहिताना तिचे खांदे हलत होते.

तरी तिनं सगळं तपासलं. ताप नाही, हिरड्या चांगल्या, गोचिडाची जागा कोरडी. मी हट्ट धरला म्हणून रक्तही घेतलं. काल निकाल आला, त्यात काही वावगं नाही. ती म्हणाली, तरी काही आठवडे डोळ्यांत तेल घालून बघा, आणि मानेवर सोडायचं औषध दिलं, दर महिन्याला. गोचिडासाठी कापड लागत नाही, थेंब पुरतात, हेही तिनं गोड शब्दांत सांगितलं.

आता तुम्ही काय म्हणाल ते म्हणा. मी ऐकून घेतो. पत्रातून ऐकायला सोपं जातं.

थोरला साडू


२७ एप्रिल

थोरल्या साडूंना,

तुमचं पत्र आलं आणि पहिल्यांदा मी फक्त ‘वावगं नाही’ हे शब्द शोधले. मग बाकीचं वाचलं. मग पुन्हा ते शब्द वाचले.

आता माझंही ऐका. तुमच्या शेजारच्या शिक्षिकाबाई चष्मा माझ्याकडून नेतात. ढापण्या अडीच महिन्यांचा असताना एकदा दुकानात आला, तर त्या गिऱ्हाइकाच्या स्टुलावर उभ्या राहिल्या आणि त्याला बाहेर नेईपर्यंत उतरल्या नाहीत. त्यांच्याकडे कुत्रा आहे, हे वाक्य मी तुमच्या पहिल्याच पत्रात वाचलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आपलं ठेवायचं झाकून, ही म्हण लोकांनी तुमच्यासारख्यांसाठीच केली असावी. पण त्या म्हणीला खोळ शिवणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतोय.

मग मी का नाही बोललो? बोललो असतो तर तुम्ही ‘सगळं ठीक आहे’ एवढंच लिहिलं असतं. शेजारणीच्या कुत्र्याबद्दल मात्र तुम्ही खरं लिहीत होतात. म्हणून मी तिला धक्का लावला नाही. काळ्या ठिपक्याच्या वेळी वाटलं, आता पकडला गेलो. तुम्ही त्यावरून उडी मारून पुढं गेलात. धाकटीला सांगावं की नाही याचाही मी फार विचार केला. शेवटी परवा सांगितलं. तिला तर थोरलीनं गोचीड सापडला त्याच दिवशी संध्याकाळी फोनवर सांगितलं होतं, आणि आपलं बिचाऱ्यांचं मन राखायचं म्हणून दोघी गप्प होत्या. आपण दोघं पत्रं लिहून गुप्तता राखत होतो, साडूभाऊ.

आता कामाचं. आम्ही इथं आणखी वर्षभर राहायचं ठरतंय. लेकीला नोकरीवर जायचंय, धाकटीला नात सोडवत नाही. जावयानं घरमालकाशी बोलून ठेवलंय, कुत्रा चालेल म्हणतात. म्हणजे ढापण्याला आणता येईल. खिडकीत बसायला जोडीदार होईल मला. पुढच्या रविवारी मी येतो त्याला न्यायला. नवा पट्टा घेतलाय, निळा.

तुम्ही सुटलात म्हणा.

चष्मेवाला


३० एप्रिल

साडूभाऊ,

या. त्याचं सामान बांधून ठेवतो. औषध, भांडं, उशी. उशी तीच, जी त्यानं फाडली होती. मी तिला नवी खोळ घातली आहे. ती वाकते.

तो डॉक्टरकडून आल्यापासून चांगला जेवतो. सुटलो म्हणालात ते बरोबर आहे. कामं तुंबली आहेत.

थोरला


६ मे

थोरल्या साडूंना,

सुखरूप पोचलो. एकटाच, हे तुम्हाला ठाऊक आहे, पण जावयाच्या वडिलांना दारात पहिला प्रश्न तोच पडला. मी म्हटलं, प्रवास लांबचा, कुत्र्याला बाधला असता. ते म्हणाले, असं का. यापुढे तेच चालू ठेवा, विचारलं कुणी तर.

ढापण्या मला विसरला नव्हता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. अंगावर उडाला, बुटावर आनंद व्यक्त केला, चष्मा चाटला. एवढं स्वागत माझं माझ्या लग्नातसुद्धा झालं नव्हतं. मी निळा पट्टा खिशात चाचपत होतो आणि मनात म्हणत होतो, बघा, ओळख ती ओळख.

मग तुम्ही कामाला बसलात. तुमच्या कारखान्यात त्या मोठ्या हातांच्या खुर्चीवर तो चढून झोपला, अर्ध्या शिवलेल्या, अजून फोम दिसत असलेल्या. तुम्ही त्याच्याभोवतीनं सुई फिरवत होतात. शेपटी आडवी आली की उचलून बाजूला ठेवत होतात आणि शिवण पुढं नेत होतात. त्याला जाग आली नाही आणि तुमचा टाका चुकला नाही. नंतर तो पाणी प्यायला गेला, मी थकलो होतो, त्या खुर्चीवर टेकायला गेलो, तर तुम्ही मान वर न करता म्हणालात, “ती नको. ती त्याची आहे.”

गिऱ्हाइकाची खुर्ची आहे ती. थोरली सांगत होती, गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलं आणि तुम्ही त्याला सांगितलंत की लाकूड अजून वाळायचंय.

मी माणसांच्या डोळ्यांपुढे काचा धरण्यात जन्म घालवला. कुठल्या काचेतून स्पष्ट दिसतं हे माणूस तोंडानं सांगण्याआधी त्याच्या चेहऱ्यावर कळतं. तुम्ही सामानाची पिशवी दोनदा बांधलीत, दोनदा सोडलीत आणि तिसऱ्यांदा मला विचारलंत की तिकडच्या घरात गवत आहे का, आणि तिकडे मान कोण तपासणार. मग मी थोरलीला म्हटलं, गाडी चुकेल, आणि निघालो. निळा पट्टा दारामागच्या खिळ्याला अडकवून आलोय. मोठेपणा म्हणून नाही. पट्ट्याला कुत्रा लागतो आणि इथं फक्त खिडकी आहे.

नातीला आता रोज दुपारी माझ्याकडे देतात. धाकटीनं रांग मोडली. नात जागी असते. तिच्या डोळ्यांभोवती वर्तुळं नाहीत, पण बघते तशीच.

चष्मेवाला


९ मे

साडूभाऊ,

पट्टा सापडला. थोरलीनं आधी पाहिला आणि मला हाक मारली नाही, नुसती दारात उभी राहिली. मग धाकटीला फोन लावायला गेली. आज त्या किती वेळ बोलल्या ते विचारू नका.

गिऱ्हाइकाला त्याच लाकडाची दुसरी खुर्ची करून देतोय. त्याला सांगितलं, पहिलीत दोष निघाला. दोष सध्या पाय वर करून झोपलाय.

तुम्हाला एक कळवायचं होतं. फोनवरही सांगणार आहे, स्पीकर असला तरी. आज सकाळी डाव्या कानामागं पुन्हा एक गोचीड सापडला. थेंबांनी अर्धमेला झालेला, मोहरीएवढा. कातडीलगत धरला, सरळ ओढला, सावकाश. तोंडासकट निघाला. हिरड्या गुलाबी. कुठली छटा ते मला आता ओळखता येतं. मान खाली घालून भांडं चाटून पुसून जेवला.

आमच्या कुत्र्याला सापडला. शेजारणीच्या नाही.

थोरला